शिल्लक मैल

रात्री दोनला गाडी निघायची पाथर्डी फाट्यावरून.
घोटीला चहा, कसाऱ्याच्या घाटात डुलकी,
आणि पहाटे विमानतळाच्या काचेत
माझाच सुजलेला चेहरा.
त्या एकशे सत्तर किलोमीटरांचे मैल
कधी कुणी दिले नाहीत.
मैल सुरू व्हायचे जमीन सुटल्यावर.

एकवीस वर्षं विकले मी अंबडच्या कारखान्याचे स्विचगिअर:
जमशेदपूर, विशाखापट्टणम, दुबई, मस्कत, एकदा नैरोबी.
खात्यात थोडे थोडे पडत गेले,
शेजारणींच्या भिशीत पडतात तसे.
मग सोनेरी कार्ड आलं. त्यावर नाव: मोरेश्वर गायधने.
मी फोन केला, म्हटलं, गायधनी.
ते म्हणाले, सर, मैल तुमचेच आहेत.

कालिंदीला सांगून ठेवलं होतं,
साठ हजार झाले की टोरांटो.
तुझी बहीण, तिचा बर्फ, सगळं फुकट.
ती म्हणाली, फुकट कसं?
ऋजुताच्या बारशाला तुम्ही रायपूरला होतात.
ते धरलंत का त्यात?

साठ हजार झाले,
तेव्हा टोरांटो नव्वदला गेलं होतं.
नव्वद जमले त्या वर्षी पत्र आलं,
"आमच्या लाडक्या सदस्यांसाठी आनंदाची बातमी."
आनंद दीड लाखाला पडला.
मैल तेवढाच राहिला हो, इंचानेही कमी नाही.
टोरांटोच सरकत गेलं
आणखी उत्तरेला.

परवा दुपारी बोहारीण आली.
ओट्यावर टोपली टेकवून कालिंदीसमोर बसली.
माझे 'विमानातले' म्हणून वेगळे ठेवलेले दोन कोट,
चार पँटी, काठ उसवलेली एक साडी,
आणि मधे एक पातेलं.
"मावशी, मागच्या वर्षी एवढ्यात डबा दिलात, झाकणासकट."
"स्टीलचा भाव बघा की बाई. अन् कोटाला गिऱ्हाईक कुठंय?"
कालिंदीने एक पँट मागे ओढली.
बोहारणीने झाकण पुढे सरकवलं.
पुन्हा पँट. पुन्हा झाकण.
असं पाऊण तास.

मी आत, खिडकीशी, फोन कानाला लावून.
तिकडे पेटी वाजत होती कसली तरी,
मधे मधे एक मुलगी, फार गोड,
"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."
मी कुणाची पँट मागे ओढू?

डिसेंबरअखेर मैल विरणार होते.
विरणार, हा माझा शब्द. त्यांचा वेगळा होता, गुळगुळीत.
यादी पाठवली त्यांनी: टोस्टर, हेडफोन,
दोन मासिकांची वर्गणी, चाकांची बॅग.
बॅग घेतली.
एक्क्याण्णव हजार मैल,
म्हणजे पृथ्वीला साडेतीन प्रदक्षिणा आणि वर थोडं.
तेवढ्यात ब्रह्मगिरीला पायी फेऱ्या मारल्या असत्या
तर निदान पुण्य तरी त्याच भावात राहिलं असतं.
कुरियरवाला म्हणाला, काका, इथे सही.
सही मी गायधनी अशीच केली.

बॅगेत आता गोधड्या आहेत, डांबराच्या गोळ्या टाकून.
कालिंदी ती पायानेच पलंगाखाली ढकलते.
चाकं चांगली आहेत.

संध्याकाळी गच्चीवर होतो.
ओझरकडून चाचणीला निघालेलं लढाऊ विमान
डोक्यावरून गेलं, आवाज मागाहून आला.
ह्याला किती पडत असतील हो मैल, कालिंदीने विचारलं.
मी म्हटलं, एकच तर माणूस असतो आत.
ती दोरीवरचे कपडे काढत होती.
माझी निळी पँट उजेडाकडे धरून
दोन्ही गुडघे तिने नीट पाहिले,
आणि वेगळी ठेवली.