कडीच्या बाहेर

सहाव्या सत्रात आमच्या वाट्याला आला
एक संडास.
घरी आईला 'शाळेचा प्रकल्प' एवढंच सांगितलं.
दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत
जेवताना तो शब्द काढत नाहीत.

वडसरच्या पुढं, विश्वामित्रीच्या कडेला शाळा.
तीन वर्ग, एक कडुनिंब,
भिंतीवर पुराची तपकिरी रेघ
आणि रेघेखाली धुऊन गेलेली बाराखडी.
मुली त्रेपन्न.
दार एक, पत्र्याचं, कडी नसलेलं.

हुसेफानं टेप धरली, मी आकडे लिहिले.
टाकी रेघेच्या हातभर वर.
भिंतीला जाळीच्या विटा:
वारा येईल, नजर येणार नाही.
झरणानं पुठ्ठ्याचं मॉडेल केलं, स्पंजचा कडुनिंब,
आणि शेजारी तीन कागदी माणसं,
पुस्तकातल्या मापाची, ताठ.
नानजी राठवा मिस्त्रीनं एकावर बोट ठेवलं,
'हे साहेब कितवीत आहेत?'

नळ नऊ इंच खाली आले.

मग चुन्यानं आखणी, मग पाया,
मग तळहातांना सिमेंटच्या भेगा,
भात कालवताना झोंबणाऱ्या.
माझी पहिली भिंत नानजीनं ओळंबा लावून पाहिली,
काही न बोलता
वरचे चार थर उतरवले.

कडी मात्र मी आणली.
रावपुऱ्यात सात दुकानं फिरले.
तिसरीतल्या बोटांना सरकायला हवी,
बाहेरून कुणी हिसडली तर हलता कामा नये.
सातव्या दुकानदारानं विचारलं, 'बेन, तिजोरीला लावायची?'

विद्युतबेननी नारळ फोडला.
काश्मीरा आत गेली.
कडी वाजली. खट्.
आम्ही तिघं उगाच एकमेकांकडं बघून हसलो.
आणि बाहेर, भर उन्हात,
दाराला पाठ लावून तेजल उभी राहिली,
एक हात मागं, दार धरून,
चटका बसतो म्हणून एका पायावर दुसरा पाय.

मी म्हटलं, आता नको गं, आतून कडी आहे.
'कडी तो छे बेन,' ती म्हणाली,
'पण वातो कोण करशे?'
तेवढ्यात जाळीच्या विटांतून
आतल्या अंधारातून आला काश्मीराचा आवाज,
कुठल्याशा कोड्याचं उत्तर,
साफ चुकलेलं.

बारा ड्रॉइंग शीट होते आमचे.
पावसाचं पाणी कुठून वाहील, हे होतं.
दुपारी तीनला सावली कुठं पडेल, हेही.
तेजल कुठंच नव्हती.

नानजीनं उरलेल्या विटा मोजल्या,
एकेचाळीस. काही अर्ध्या.
संध्याकाळपर्यंत दाराशेजारी एक ओटा झाला,
कडुनिंबाच्या सावलीकडं जरा कललेला.
ओळंबा त्यानं या वेळी लावला नाही.

परीक्षकांनी फोटोवर पेन्सिल टेकवली.
'हे नकाशात दिसत नाही.'
नाही सर, हुसेफा म्हणाला.
दोन गुण गेले.

त्या रात्री ताटावरच मी आईला सगळं सांगितलं,
शब्दासकट.
तिनं घास खाली ठेवला. आता ओरडणार, वाटलं.
'आमच्या चाळीत सुमन उभी राहायची माझ्यासाठी,' म्हणाली.
'बाहेरून पाढे विचारायची, दुष्ट.
एकोणतीसचा पाढा
मी तिथं पाठ केलाय.'