तिसरा दिवा

कवलापूरच्या धावपट्टीवर आता विमान उतरत नाही.
डांबराच्या भेगांतून घाणेरी उगवलीय,
मधल्या रेघेवर शेळ्या बसतात,
आणि रविवारी सकाळी माझी भाची रेवती
जुनी अल्टो पहिल्या गिअरमध्ये रडवत नेते.
मी डाव्या सीटवर.
"मामा, किती बोलतोस रे सारखं!
आरसा बघ, हँडब्रेक बघ, दार बघ.
दिसतंय की मला."

दिसतंय.
मलाही दिसत होतं.

मागच्या सीटसमोरही तीन दिवे असतात, चाकांचे.
पुढे कुट्टप्पा, मागे मी,
मध्ये जाड काच, आणि एक वायर
जिच्यातून त्याचा श्वास माझ्या कानात यायचा.
चाकं खाली येऊन अडकली की तिन्ही हिरवे.
त्या संध्याकाळी दोनच होते.
तिसरा आदल्या आठवड्यातही लपंडाव खेळलेला.
बल्ब सैल असेल, मी मनात म्हटलं.
मनात.

"तीन हिरवे," कुट्टप्पा म्हणाला,
कुलूप ओढून न बघता आपण
'लावलं' म्हणतो, तसं.
आणि मी म्हणालो, "चेक."

उजवं चाक टेकलं आणि गुडघ्यात दुमडलं.
पंखाचं टोक काँक्रीटवर घासत गेलं,
ठिणग्या माझ्या बाजूनं,
मग गवत, मग फेस, मग नुसतं ऊन.
त्याच्या भुवईला चार टाके.
मला ओरखडाही नाही.

चौकशीत विचारलं, विमान कोणाच्या हाती होतं?
"माझ्या, सर."
तो माझ्याकडे न बघता म्हणाला.
मग मला: तुम्हाला काही सांगायचंय?
खिडकीबाहेर कुणीतरी जीपचं टायर बदलत होता,
तेवढं लख्ख आठवतं.
"नाही, सर."
म्हणजे दुसऱ्यांदा 'चेक'च.

अहवालात त्याला अडीच पानं, मला दीड ओळ.
तो पुन्हा उडाला नाही.
मी अकरा वर्षं उडालो.

भावाच्या बेदाणा शेडवर काल झाडणी होती.
हौसाबाई आणि सुशी जाळीची दोन टोकं धरून.
"धरलंस?"
"धरलं."
"हलवू?"
"थांब, माझ्याकडची तार निसटलीय."
आणि हौसाबाई थांबली.
रागावली नाही, विचारलं नाही कुणाची चूक.
थांब.
दोनच अक्षरं,
'चेक'ला लागतात तेवढीच.

दर मार्चमध्ये मी मडिकेरीला बेदाणा पाठवतो,
पंधरा दिवसांत तिकडून कॉफी येते.
पार्सलात चिठ्ठी नसते, ना त्याची, ना माझी.
या वर्षी मी घातली.
बेदाण्याचा चिकटा लागू नये म्हणून
प्लास्टिकच्या पिशवीत, घडी करून:
दोनच होते, कुट्टप्पा. मी पाहिले होते.

आज एकविसावा दिवस.