मैनीची दोरी

पावतीवर छापलं होतं:
नदीपलीकडचं गाव, एक दिवस,
जेवण, नाच आणि डोंग्याचा प्रवास धरून
माणशी अठराशे.
लहान मुलांना निम्मे.

आम्ही अकरा जण, आलापल्लीहून दोन गाड्यांत.
डोंग्यात बसताना कुणीतरी किंचाळलं, हलतंय हो.
वल्हं धरलेला चिन्ना ओक्सा म्हणाला,
"हालते जी. लाकूडच होय ना.
झाड होतं तवाबी हालेच."
त्याच्या टी-शर्टावर कुठल्याशा सिमेंटचं नाव होतं.
ते फोटोत येऊ नये म्हणून
मी मोबाईल जरा डावीकडे घेतला.
हे आधी सांगून टाकलेलं बरं.

पलीकडे मोहाखाली खाटा टाकलेल्या.
पानाच्या द्रोणात आंबील, आणि लाल मुंग्यांची चटणी,
जिच्यासाठी आमच्यातले एक काका
नागपूरपासून शौर्य गोळा करत आले होते.
खाल्ली. टाळ्या पडल्या.
दोन पोरं कुडाच्या आडून
त्यांना खाताना बघायला आली होती,
फुकट.

बारा वाजता नाच. साडेबारा झाले,
कारण ढोलवाल्याचा बैल सुटला होता
आणि बैलाला वेळापत्रक दाखवलेलं नव्हतं.
मग कमरेला हात गुंफून बायका वळू लागल्या,
आम्हीही घुसलो मधेच.
आमचे पाय ठेक्यावर पडत नव्हते,
पडत होते त्यांच्या पायांवर.

मैनी नाचली नाही.
गुडघ्याचं कारण सांगून ओसरीवर बसलेली,
मागे खुंटीला वाखाची दोरी, गाठींनी भरलेली.
विचारलं तर चिन्नानं तिच्या माडियाचं मराठी केलं:
"इची माय मोहाची उसनवारी बांधे अशी.
हे पाहुण्याईची होय. तुमची."

ही जाड गाठ, ज्यांनी झोपलेल्या म्हाताऱ्याला
उठवून हसायला लावलं त्यांची.
ही बारीक: एक बाई आली, दिवसभर तांदूळ निवडत बसली,
काही म्हणता काही विचारलं नाही.
ही दोनदा बांधलेली. ते परत आले होते,
आणि आपण इथे येऊन गेलोय
हेच विसरले होते.

आमची कोणती, मी विचारलं.
मैनी काहीतरी म्हणाली, दोनच शब्द.
चिन्ना घटकाभर पाण्याकडे बघत राहिला.
"तुमी अजून गेलेच नाई, म्हनते."

परतताना सगळे फोटो वाटून घेत होते.
माझ्या एकाही फोटोत सिमेंट नव्हतं,
गोटुलामागे उघड उभा असलेला टॉवर नव्हता,
ना ते गणवेशातलं पोरगं
ज्यानं मला सतराच्या पाढ्यात अडवलं.

मी वळून पाहिलं.
मध्ये पाणी, पाण्यावर ऊन.
ओसरीवर मैनीचे हात हलत होते.
चिंचा फोडत असेल.
रात्रीच्या भाजीचं काही असेल.
एवढ्या लांबून
दोरी दिसत नाही.