एक फूट दोरा

निवृत्त झालो तेव्हा शाळेने शाल दिली, नारळ दिला,
आणि मी मागून घेतला तो पृथ्वीगोल:
आस वाकलेला,
ऑस्ट्रेलियावर कुणा पोराच्या शाईचा अंगठा.

मृण्मयी टोरांटोला गेली त्या आठवड्यात
सुमतीच्या परडीतून अबोलीच्या वळेसराचा दोरा घेतला.
एक टोक मोपावर
(अंदाजाने. गोलावर मोपा नाही,
गोवासुद्धा नाही, नुसता पिवळा काठ),
दुसरे टोक तळ्याकाठच्या त्या शहरावर.
ताणला.
दोरा पश्चिमेला गेलाच नाही.
चढला सरळ वर, उरल ओलांडून,
बर्फाच्या टाळूला घासून, ग्रीनलंडवरून खाली.
"गोठेल की पोर," सुमती म्हणाली.
तीस वर्षे वर्गात हेच सांगत आलो,
गोलावरची जवळची वाट नकाशावर वाकडी दिसते.
मुले माना डोलवत
आणि परीक्षेत सरळ रेघ मारून येत.

दोरा भरला एक फूट.
म्हणजे बारा हजार नऊशे किलोमीटर, चूकभूल द्यावी घ्यावी.
विमानाच्या वेगाने भागले: पंधरा तास.
तिकिटावर सत्तावीस,
त्यातले नऊ मुंबईत, बॅगेवर पाय ठेवून.
शिवाय तिचे घड्याळ साडेदहा तास मागे.
चार हिवाळे झाले,
बोटांवर वजाबाकी केल्याशिवाय
मुलीला हाक मारली नाही.

काल उतरली. मोपाहून केरीला तासाभरात.
ड्रायव्हर म्हणाला, आरोंद्यावरून वळसा घेऊ, पूल आहे.
ही म्हणाली, नको, फेरीनेच.
आणि नेमकी ओहोटी.
तेरेखोलच्या धक्क्याला फेरीबोट पोट टेकून बसलेली,
खलाशी कठड्यावर शेंगा सोलतोय,
मधल्या वाळूवर बगळे
कुणाच्या बापाची नदी असल्यासारखे.

मी अलीकडे, ती पलीकडे.
मधली नदी एवढीशी,
की गोलावर दोराच तिच्याहून जाड.
फोन वाजला. "बाबा, दिसते का मी? निळी ओढणी."
सवयीने बोटे दुमडायला लागलो,
इथे पावणेपाच, म्हणजे तिथे...
तिथेही पावणेपाच.

"पाणी कधी चढेल हो?" सुमतीने खलाशाला विचारले.
त्याने नदीकडे पाहिले, मग शेंगांकडे.
"चढतलें."

मग फोन तसाच चालू राहिला.
बोलणे फारसे झाले नाही.
मध्येच तिच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला,
बहुतेक एखाद्या गाईला.
तो मला दोनदा ऐकू आला:
आधी फोनमधून,
मग नदीवरून,
जरासा उशिरा.