कुड लिंपताना

दसरा उलटला आणि भीमाशंकरच्या डोंगरावरून उतरणारा वारा
पश्चिमेच्या कुडाला दात लावू लागला.
पावसाने लिंपण धुऊन नेलेलं,
कारवीच्या काड्या उघड्या पडलेल्या,
म्हाताऱ्या म्हशीच्या बरगड्या दिसाव्यात तशा,
आणि त्यांच्या फटींतून रात्री दिसायचा
शेजारच्या केंगल्यांचा दिवा.

मी चाकणहून परत आलो तो याच आठवड्यात.
एक बॅग, दोन गणवेश,
आणि गळ्यातलं ओळखपत्र, तारीख संपलेलं.
सुपरवायझर म्हणाला होता, लाइन बंद आहे, फोन करू.
आईने काही विचारलं नाही.
म्हणाली, बरं झालं आलास,
माती वाहायला माणूस नव्हतं.

ओढ्याकाठची माती, शेण, भाताचं तूस.
कुंदाने लुगडं खोचून चिखलात पाय घातले
आणि मळत राहिली उन्हं कलेपर्यंत.
इतक्या सढळ हाताने, म्हणजे पायाने,
या घरात कणीक मळलेली
मला तरी आठवत नाही.

भात यंदा कापणीच्या तोंडावर लोळलं,
शेंगांना नाही तर लोंब्यांना मोड आले उभ्या शेतात.
हिरड्याचे पैसे घोडेगावच्या व्यापाऱ्याकडे.
तो म्हणतो, दिवाळीला देतो.
कुठल्या, ते सांगत नाही.

चार पोती यायची तिथे दीड आलं.
तरी आईने कणगी आख्खी सारवली, गळ्यापर्यंत.
अर्धीच सारव की, मी म्हटलं.
तिने हात न थांबवता उत्तर दिलं:
उंदरांना कशाला कळू द्यायचं?

दादांना आता कुऱ्हाड झेपत नाही.
ते ओट्यावर बसून एकेक ढलपी हातात तोलतात
आणि वाटून ठेवतात.
ही मार्गशीर्षाची. ही पौषाची.
ही कुणी पाहुणा आला तर.
पौषाचा ढीग मला लहान वाटला, बोललो नाही.
नंतर पाहिलं तर ते पाहुण्याच्या ढिगातून
दोन ढलप्या हळूच इकडे सरकवत होते.

खताच्या गोण्या उसवून दाराला पडदा केला.
वरून ओळखपत्राची निळी फीत ओवली,
ओढली की छान सरकतो.
कंपनीचं नाव दहा वेळा लिहिलंय तिच्यावर,
येणारा जाणारा डोक्याने ते ढकलून आत येतो.

मग आईने गणवेश मागितले.
एक राहू दे, मी म्हटलं, फोन आला तर.
एक राहिला. दुसऱ्यावर कात्री चालली.
खिशात कॅन्टीनचं कूपन निघालं, एका चहाचं.
कुंदाने ते पिठाच्या डब्याखाली ठेवलं,
का, ते मला माहीत नाही.
खाली दादांचं धोतर, वर आईची दोन लुगडी,
मधोमध माझी पाठ आणि बाह्या,
आणि या सगळ्यांतून चाललेला
आईचा न चुकणारा धावदोरा.
खिसा तिने उसवला नाही.
आता त्यात पूर्वाचे चिंचोके राहतात.

रेडिओ सांगतो, पुण्यात आज अकरा अंश.
आमच्याकडे अंश नसतात,
कुत्रं चुलीच्या राखेत शिरलं की समजायचं.
काल शिरलं.

रात्री शेगडीत एक निखारा फुटला
आणि गोधडीवरची ती चंदेरी पट्टी,
रात्रपाळीत ट्रकवाल्यांना आम्ही दिसावेत म्हणून लावलेली,
एकदम चमकून उठली.
बाबा, गाडी आली, पूर्वा झोपेत म्हणाली.
मी पट्टीवर हात ठेवला.
गाडी गेली.

फटीतून केंगल्यांचा दिवा आता दिसत नाही.
ओल्या शेणामातीचा वास येतो घरभर.
दुसरा गणवेश खुंटीवर आहे, इस्त्रीची घडी अजून मोडलेली नाही.
पौषात बघू, आई म्हणते,
कमीच पडलं तर.
ती थंडीबद्दलच बोलत असावी.