कास धुण्याएवढा वेळ

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दूध बंद.
मला.
गंगावेशीच्या कट्ट्यावर एकतीस वर्षं
गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत म्हैस पिळून
फेसासकट पेला हातात देणाऱ्या मला.
कंपाउंडर पोरगं फसकन हसलं,
मग चिठ्ठी उगाच दोनदा वाचू लागलं.

लक्ष्मीपुरीत गेलो, जिनपाल चौगुल्यांच्या दुकानी.
पत्र्याच्या डब्यांवर खडूनं लिहिलेले भाव,
हवेत गोणपाट, कागद आणि कशाचा तरी जुना गोडवा.
म्हटलं, पावडर द्या, कडक.
कोराच प्यायचाय तर रंग तरी येऊ दे.
त्यांनी चष्म्यावरून बघितलं.
"पावडर लागते दुधाशी झुंजायला, आप्पा.
आता तुमची कुस्ती कुणाशी?"
आणि कागदावर पानं ओतली:
काळी, पिळदार, हलकी,
दावणीला झिजून तुटलेल्या सुतळीसारखी.

"ही उकळायची नाहीत.
आधणाला उकळी फुटली की उतरवायचं,
दमभर थांबायचं, मग पानांवर ओतायचं.
झाकण. तीन-चार मिनिटं."
म्हटलं, गोठ्यात घड्याळ नाही.
कास धुण्याएवढा वेळ चालेल?
"चालेल की," ते म्हणाले. "कुठल्या म्हशीची?"

चंद्रीची. ती उभी राहते.

पहिल्या पहाटे तिनं लाथ झाडली,
पुन्हा धुवावं लागलं,
चहा कडू झाला, कडुलिंबाला लाजवणारा.
दुसऱ्या पहाटे मीच घाई केली;
कपात नुसतं गरम पाणी,
पानांशी ओळखदेख नसलेलं.

तिसऱ्या पहाटे झाकण काढलं
तर सुतळीची पानं झालेली.
कडेचे दात दिसत होते, देठ दिसत होता.
रंग काकवीचा,
कपाला टेकतो तिथं जरा पिवळट.
वाफेला उन्हात तापलेल्या कडब्याचा वास,
आणि त्याच्या मागे, नीट हुंगलं तर, मनुका.
पहिल्या घोटाला काहीच नाही.
मग जिभेच्या कडा आवळल्या,
जांभूळ खाल्ल्यावर आवळतात तशा.
आणि गिळून झाल्यावर, चांगलंच उशिरा,
गोड.
साखर कुणी घातली नव्हती.

आमच्या घरी सगळं दूध कट्ट्यावर जायचं,
शेवटची धारसुद्धा.
सकाळचा चुरा आई दुपारी पुन्हा उकळायची,
गुळाचा खडा दाताखाली धरून
ते काळं पाणी प्यायची.
शेजारीण आली की म्हणायची,
"काय सांगू बाई, आत्ताच नासलं बघा."
दारात पाच म्हशी,
आणि रोज नासायचं आमचं दूध.
बाराव्या वर्षी मी कप भिंतीवर फेकला होता.
म्हटलं होतं, मोठा झालो की कोरा शिवणार नाही.
आई काही बोलली नाही.
तिनं भिंत पुसली.

मालूनं पुडीवरचा आकडा वाचला.
"एवढ्यात आत्यांनी वर्ष काढलं असतं."
मग माझ्याच कपातला घोट घेतला.
"गवत हाय की नुसतं."
आणि आणखी एक घेतला.
उरलेली पानं चंद्रीपुढं टाकली.
तिनं हुंगलं, फुरफुरली,
आणि माझ्याकडं असं बघितलं
जणू ह्या वयात मी चरायला शिकतोय.

आता कट्ट्यावरही किटली असते.
शेजारच्या टपरीवरनं आधण आणतो,
झाकण ठेवतो आणि धुवायला बसतो.
परवा शुक्रवार पेठेतलं जुनं गिऱ्हाईक,
माझ्या कपात वाकून:
"हे काय आप्पा, कोरा?
दूध नासलं काय?"

तोंडापर्यंत आलं होतं, आईच्याच आवाजात.
गिळलं.
म्हटलं, "न्हाई. नासलं न्हाई.
कधीच नासलं नव्हतं आमचं."
त्याला काय कळणार. तो पेला पुढं करून उभा.

एवढ्यात चंद्रीनं पाय बदलला,
आणि किटलीतला चहा
जरा जास्तच उतरला.