चव्वेचाळीस इंच

डलूथमध्ये तळघरं खडक फोडून केलेली.
मी वर्ना हाताया, पालिकेची तपासनीस,
एकोणीस वर्षं लोकांच्या झोपायच्या खोल्या मोजते.
टेपचा पिवळा रंग पहिल्या फुटापुरता उडालाय.

डेल्बर्ट स्कोग्लंड कठडा धरून पुढे उतरला.
"पोरगा परत राहायला येतोय. अर्लन. एक्केचाळिसाव्या वर्षी.
का, ते विचारू नकोस."
नाही विचारलं. फॉर्मवर तसा रकाना नसतो.

पलंग आधीच मांडलेला. उशीला इस्त्रीचा अभ्रा.
आणि छताला टेकलेली खिडकी,
तीस इंच रुंद, चौदा उंच,
पत्रपेटीच्या फटीची थोरली बहीण.

मी सगळ्यांना सांगते ते सांगितलं:
मोकळ्या जागेची खालची कड जमिनीपासून
चव्वेचाळीस इंचांच्या वर नको.
रुंदी विसाखाली नको, उंची चोविसाखाली.
आणि ही दोन किमान मापं गुणली तरी भागत नाही,
लोकांना वाटतं भागेल.
पाच पूर्णांक सात दशांश चौरस फूट, मोकळे.

"हे सात दशांश कुणाचे?"
आत शिरणाऱ्याच्या पाठीवरच्या टाकीचे, मी म्हणाले.
नुसतं निघणाऱ्याचं माप घेऊन चालत नाही.

तो खिडकीकडे बघत राहिला.
"यातून जायचा तो. सोळाव्या वर्षी.
रंगाच्या डब्यावर चढून, एक खांदा आधी, मग दुसरा.
लव्हॉनला वाटायचं, पोर गाढ झोपलंय."
मग, भिंतीशी बोलल्यासारखं:
"बिजागरीला तेल मी घालायचो. शनिवारी.
कुरकुरली असती तर ती उठली असती,
ती उठली असती तर भांडण,
आणि मग गेला असता तो पुढच्या दाराने,
दिवसाढवळ्या."

मी बिजागरीला बोट लावलं.
रंगाचे चार थर. घट्ट.

नियमात एक वाक्य आहे, मला तोंडपाठ:
आतून उघडावी,
किल्लीविना, अवजाराविना, विशेष माहितीविना.
विशेष माहिती म्हणजे काय, कुणी विचारत नाही.
म्हणजे, एका रात्रीपुरत्या आलेल्या पाहुणीलासुद्धा
धुरात, अर्ध्या झोपेत, कळावं हात कुठे टाकायचा.
एक खोली मी पाहिली आहे, नंतर.
चौकटीवर बोटांचे ठसे अगदी बरोबर जागी होते.
थंडी शिरू नये म्हणून कुणी एक खिळा ठोकला होता.
हे मी डेल्बर्टला सांगितलं नाही.
आत्ता तरी का सांगतेय.

मे महिन्यात करवत आली.
दोन दिवस काँक्रीट कापलं, राखाडी चिखल वाहिला,
शेजारची कुत्री भुंकून भुंकून घसा बसून गप्प झाली.
बाहेर खड्डा, खड्ड्याला पत्र्याची कड,
खोली चव्वेचाळीसच्या वर गेली म्हणून शिडी.

शेवटच्या तपासणीला मी माणसालाच बाहेर काढते.
नियमात नाही हे. माझं आहे.
अर्लन आला. पोट सुटलेलं, गुडघा बांधलेला,
बोटावर अंगठीचा पांढरा वळ.
"आत्ता? तुमच्यासमोर?"
आत्ता.
त्याने खिटी वळवली. काच मुकाट्याने बाजूला झाली.
कड ओलांडली, एक पाय, दुसरा,
शिडीच्या चार पायऱ्या, आणि डोकं गवताच्या वर.

तिथे डेल्बर्ट, नुसत्या मोज्यांवर, हात कमरेला.
कधी जिना चढून गेला, कळलंच नाही.
"सापडलास," म्हणाला.

दोघं हसले की काय झालं ते मला खालून दिसलं नाही.
मी सही केली.

जानेवारीत त्या रस्त्याने गेले, दुसऱ्याच कामाला.
रात्रभर सरोवरावरून बर्फ आलेला.
पायऱ्या गाडलेल्या, गाडी गाडलेली, पत्रपेटीचं नुसतं टोक.
आणि घराच्या कुशीला म्हातारा वाकून
फावड्याने खिडकीचा खड्डा उपसत होता.
शिडीची खालची पायरी उघडी पडली तेव्हाच थांबला.

टेप गाडीत होता. मी नजरेनेच मोजलं.